थाळीतलं पाणी गेलं कुठे? आगरांच्या गावात विज्ञान वाचून-लिहून शिकवताना

बाष्पीभवन हा भाग चौथीला दोन पीरियडात उरकता येतो. धडा वाचायचा, कठीण शब्द फळ्यावर लिहायचे, खालची प्रश्नोत्तरं सांगायची, मुलं उतरवून घेतात, टेस्टला तेच येतं आणि मार्कही मिळतात. पण त्याच मुलांना काही दिवसांनी विचारा, थाळीतलं पाणी कुठे गेलं, तर बरीच जण सांगतात थाळीने पिऊन टाकलं. आपल्याच मुलांचं असं होतं असं नाही हां. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह या दोन संशोधकांनी ८ ते १७ वयाच्या मुलांशी बोलून १९८३ मध्ये यावर लिहिलं होतं, तिथे शाळेत सगळं शिकलेली मोठी मुलंसुद्धा उकळत्या पाण्यातले बुडबुडे हवेचे आहेत असं सांगत होती. म्हणजे व्याख्या पाठ असते आणि मनातलं मत जिथे होतं तिथेच असतं, दोघांची कधी गाठच पडत नाही.

ही गाठ पाडायची असेल तर मुलाला आधी स्वतःचं मत कागदावर लिहायला लावलं पाहिजे, आणि पुस्तकातला मजकूर त्याच्या हातात द्यायचा तो त्या मतावरून वर्गात वाद लागल्यावर. मी हे माझ्या वर्गात करून बघितलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण प्राथमिकच्या बऱ्याच शिक्षकांचा प्रश्न हाच असतो की वाचन-लेखन कच्चं आहे तर विज्ञानाला वेळ कुठून आणायचा.

आधी वर्गाबद्दल. पेडणे तालुका, शापोरा नदीचा काठ, आगरवाड्याच्या बाजूचा भाग, म्हणजे मिठागरांचा, त्यांना इथे नुसतं आगर म्हणतात. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी, आणि तिसरी-चौथी एकाच खोलीत एकाच शिक्षकाकडे, गोव्यातल्या लहान शाळांमध्ये हे सगळीकडेच आहे. बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी, काहींच्या घरी कन्नड, एक-दोघांच्या घरी हिंदी. बोलायला सगळी एकदम तयार. मधल्या सुट्टीत खेकडा कसा धरायचा, मानशीचं (बांधातून खारं पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेचं) दार कधी लागतं, कुठल्या आगरातलं मीठ पांढरं आणि कुठलं काळपट यावर तासभर बोलतील. वही उघडली की तीच मुलं गप्प. परिसर अभ्यासाच्या वह्या बघितल्या तर सगळ्यांच्या सारख्याच, शब्दाला शब्द, कारण सगळ्यांनी फळ्यावरूनच घेतलेलं. दोन-तीन मुलं अशी होती की उतरवायची सुंदर अक्षरात, पण उतरवलेलं वाचून दाखव म्हटलं की अडायची.

वरून केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं आहेच. जुलै २०२१ ला सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचायला आणि मूलभूत गणित करायला शिकलं पाहिजे हे त्याचं उद्दिष्ट, आणि ते अगदी बरोबर आहे. पण त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी असा घेतला जातो की मराठी आणि गणित आधी आणि परिसर अभ्यास उरलेल्या वेळात. मला ते पटत नाही. समजून वाचायचं म्हणजे काहीतरी समजून घ्यायचं असायला हवं ना, आणि दहा वर्षांच्या मुलाला थाळीतलं पाणी कुठे गेलं याच्याइतकं दुसरं काय समजून घ्यावंसं वाटणार? म्हणून मी वेळेचा हिशोब साधा ठेवला. परिसर अभ्यासाचे तास तर होतेच, शिवाय मराठीच्या तासातलं लेखन आणि वाचन त्याच विषयावर घेतलं. प्राथमिकला सगळे विषय एकाच शिक्षकाकडे असतात, त्यामुळे हे करायला कोणाची परवानगी लागत नाही.

घटक मुद्दाम जानेवारीत घेतला. पुस्तकातल्या क्रमाने गेलं असतं तर पावसात आला असता, आणि आपल्याकडे जुलैत दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही तिथे थाळीतलं पाणी काय आटणार. जानेवारीत हवा कोरडी असते आणि आगरंही चालू असतात. पाऊस संपला की आगरातलं पावसाचं पाणी काढून टाकतात, बांध नीट करतात, तळाची चिखलमाती चोपून घट्ट करतात आणि मग भरतीचं खारं पाणी आत घेतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पाणी पुढे जातं, प्रत्येक ठिकाणी थोडं आटतं आणि जास्त खारं होतं, शेवटच्या कप्प्यात मीठ बसतं, आणि हे पहिला मोठा पाऊस येईपर्यंत चालतं. ही सगळी माहिती मुलांच्या डोळ्यांसमोर रोज असते. फक्त ती शाळेच्या वहीत कधी आलेली नव्हती.

सुरुवात अशी केली. एकाच मापाचा एक एक कप पाणी, एक पसरट स्टीलच्या थाळीत, एक काचेच्या ग्लासात, एक बूच लावलेल्या बाटलीत. ग्लासावर आणि बाटलीवर मार्करने रेघ. तिन्ही व्हरांड्यात ठेवायच्या आधी मुलांनी वहीत लिहायचं होतं: उद्या काय दिसेल, आणि का. वाक्याची सुरुवात मी फळ्यावर दिली, "मला वाटतं... कारण...". एवढंच. मोजून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर एकाने विचारलं, "बाई, उत्तर केन्ना बरयतल्यात फळ्यार?" (फळ्यावर उत्तर केव्हा लिहिणार?) कारण त्यांच्या सवयीत लिहिणं म्हणजे फळ्यावरचं खाली घेणं. पहिल्या दिवशी अर्ध्याअधिक वह्यांत "कारण"च्या पुढे रिकामंच होतं. काहींनी शेजाऱ्याचं बघून घेतलं. मी रिकामं सोडू दिलं पण उत्तर सांगितलं नाही, आणि जेवढे वेगवेगळे अंदाज आले तेवढे फळ्यावर लिहिले, बरोबर-चूक काही न म्हणता. यात शिक्षकाचा चेहरासुद्धा सांभाळावा लागतो, कारण मुलं चेहऱ्यावरून उत्तर ओळखण्यात पटाईत असतात.

दुसऱ्या दिवशी थाळी कोरडी, ग्लासात रेघेच्या थोडंसं खाली, बाटली जशीच्या तशी. आता लिहा, पाणी कुठे गेलं. आणि इथे खरी मतं बाहेर आली. थाळीने प्यालं, फरशीत जिरलं, उन्हाने खाल्लं, हवेत गेलं, आणि एकाचं "मांजराने प्यालं असेल". मांजराचं मत मी अजिबात खोडलं नाही, कारण ते तपासता येतं. वर जाळी ठेवली, पुन्हा पाणी ठेवलं, पुन्हा आटलं. ज्याने ते लिहिलं होतं त्यानेच वहीत आधीच्या वाक्यावर एक आडवी रेघ मारून खाली लिहिलं, "मांजर नाही. जाळी होती." नियम आम्ही तेव्हाच केला: जुनं वाक्य खोडरबराने पुसायचं नाही, एक रेघ मारायची आणि खाली नवीन लिहायचं. मत का बदललं ते वहीत दिसलं पाहिजे. हा एक नियम बाकी कुठल्याही ॲक्टिव्हिटीपेक्षा जास्त उपयोगी पडला असं मी म्हणेन.

"थाळीने प्यालं" हे मत मात्र चिवट होतं. स्टील पाणी कसं पिणार म्हटल्यावर उत्तर आलं, बारीक भोकं असतील, आपल्याला दिसत नसतील. (मोठ्या शास्त्रज्ञांनीही अशा न दिसणाऱ्या भोकांवर विचार केलाय, त्यामुळे हे हसण्यावारी न्यायचं कारण नाही.) तपासायची युक्ती तिसरीतल्या एका मुलीने काढली: थाळीखाली वर्तमानपत्र ठेवूया, भोकं असतील तर कागद ओला होईल. कागद कोरडाच राहिला. मग चौथीतली एक मुलगी, जिच्या घरचे आगरात काम करतात, उठून म्हणाली की आगरात तळ चोपून चोपून घट्ट करतात ते पाणी खाली जाऊ नये म्हणूनच, आणि तरीही पाणी कमी होतं, म्हणजे ते वरच जात असणार. वर्ग गप्प. मी तिला म्हटलं, हे बोललीस तसंच्या तसं वहीत लिही. तिने लिहिलं, कोंकणी-मराठी मिसळून, तीन ओळी, आणि त्या तीन ओळींत दावा, पुरावा आणि कारण तिन्ही होतं. हीच मुलगी वर्षभर प्रश्नोत्तरांत "बाष्पीभवन म्हणजे काय" याचं उत्तर अर्धवट सोडायची.

ही पद्धत माझी नाही. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण हा क्रम व्हाईट आणि गनस्टोन या शिक्षण-संशोधकांनी १९९२ मध्ये नीट मांडलाय, आणि मुलांनी आपलीच निरीक्षणं आपल्याच शब्दांत वहीत लिहायची हे आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने १९७२ पासून २००२ पर्यंत सरकारी शाळांत करून दाखवलं. तिथे ते सहावी ते आठवीला होतं. तिसरी-चौथीला करताना फरक एवढाच की लिहायचा वेग कमी असतो, म्हणून चित्र हे पण लेखनच धरायचं. आमच्या वह्यांत चित्राला नावं द्यायची आणि बाण काढायचे सक्तीचं होतं. बाण फार काही सांगतो बरं का. तोंडी सगळी "हवेत गेलं" म्हणायला लागली होती तेव्हासुद्धा काहींच्या चित्रात बाण थाळीतून खालीच जात होता, आणि काहींचा सरळ सूर्यापर्यंत पोचत होता. म्हणजे सूर्य पाणी ओढून घेतो असं त्यांच्या मनात होतं. हे तोंडी परीक्षेत कधीच कळलं नसतं.

सूर्यवाल्या बाणासाठी एक थाळी सावलीत, वर्गाच्या आत कपाटावर ठेवली. उशिरा सुकली, पण सुकली. "ऊन नसताना सुद्धा" हे वाक्य त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक वहीत होतं, कोणी न सांगता.

आता वाचनाकडे येते. इथपर्यंत मी धडा उघडलाच नव्हता. वाद पुरेसा तापल्यावर मी एका पानाचा मजकूर स्वतः लिहून मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढून दिला, विषय आगरातलं मीठ, छोटी छोटी वाक्यं. आणि सांगितलं की यात दोन वाक्यं चुकीची आहेत, शोधा, पण नुसतं शोधून चालणार नाही, आपल्या वहीतल्या कुठल्या पानावरून ते कळलं त्या पानाची तारीख बाजूला लिहा. एक चुकीचं वाक्य होतं, "उन्हाने आगरातलं पाणी उकळतं आणि त्याची वाफ होते." दुसरं, "पाण्याबरोबर मीठसुद्धा हवेत जातं."

त्या दिवशीचं वाचन मी आधी कधी बघितलं नव्हतं. जी मुलं एक परिच्छेद वाचायला कंटाळतात ती एकेका वाक्यावर बोट ठेवून तीन-तीन वेळा वाचत होती, शेजाऱ्याला वाचून दाखवत होती, वहीची मागची पानं उलटत होती. उकळण्याचं वाक्य पटकन सापडलं, कारण सावलीतल्या थाळीतलं पाणी कोमटसुद्धा नव्हतं. मिठाच्या वाक्यावर दोन तट पडले. एक तट म्हणे आगरात मीठ खालीच राहतं ना, मग ते वर कसं जाईल, दुसरा म्हणे थोडं जात असेल, समुद्रावर उभं राहिलं की ओठ खारट लागतात ते कुठून? हा मुद्दा बिनतोड होता. समुद्रावर लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे बारीक थेंबच वाऱ्याने उडतात, त्यात मीठ असतं, ते बाष्पीभवन नव्हे, पण हे मी लगेच सांगितलं नाही. त्याऐवजी कोमट खाऱ्या पाण्याच्या पातेल्यावर थंड ताट झाकलं, ताटाखाली जमलेले थेंब चमच्यात घेतले. आधी प्रत्येकाने लिहायचं, चव कशी असेल. मग चाखायचं. (पाणी तापवायचं आणि पातेलं हाताळायचं काम मी केलं, आणि चाखायचं ते फक्त घरच्या पिण्याच्या पाण्यात खायचं मीठ घालून केलेलं, नदीचं पाणी नव्हे.) थेंब अळणी. तटाच्या दुसऱ्या बाजूच्या एका मुलाने वहीत लिहिलं, "म्हणून पाऊस खारट नसतो." पाऊस हा शब्द मी त्या आठवड्यात उच्चारलाही नव्हता. लाटांच्या थेंबांचं मग दुसऱ्या दिवशी बोललो.

अजून एक गोष्ट झाली. मजकुरातलं "वारा असला की पाणी लवकर सुकतं" हे वाक्य बरोबर होतं, पण काही मुलांनी त्यावर फुली मारली, कारण वहीत त्याचा पुरावा नव्हता. मला ते फार आवडलं. छापलेलं आहे म्हणून खरं असं न मानता आपल्याकडे पुरावा आहे का बघणं. मग दोन पाट्या सारख्या ओल्या फडक्याने पुसून एक पंख्याखाली आणि एक कोपऱ्यात ठेवली, आधीची फुली खोडली, तारीख लिहिली. त्याच्यानंतर पाठ्यपुस्तकातला धडा उघडला आणि तो मुलांनी स्वतःच वाचला, मला समजावून सांगावं लागलं ते थोडंच. बाष्पीभवन हा शब्द तिथे आला तेव्हा त्या शब्दात घालायला त्यांच्याकडे भरपूर काही होतं.

आगरावर घेऊन गेले तेव्हा आधी प्रश्न लिहून काढले. मुलांचे पहिले प्रश्न नेहमीसारखे, मीठ किती होतं, किती पैसे मिळतात. ते प्रश्न चांगलेच आहेत, राहू दिले, पण प्रत्येक जोडीने एक तरी प्रश्न वहीतल्या वादातला घ्यायचा होता. तिथल्या काकांना एका मुलाने विचारलं, "मीठ पडायला लागणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?" काकांनी पाण्याचा रंग, बोटाला लागणारा चिकटपणा असं बरंच सांगितलं आणि मुलं उभ्या-उभ्या लिहून घेत होती, अर्धे शब्द, अर्धी चित्रं. वर्गात परतल्यावर हिशोब केला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. आणि एक लिटर पाणी जवळपास ३५० ग्रॅम मीठ विरघळवून ठेवू शकतं. म्हणजे मीठ खाली बसायला लागण्याआधी पाणी सुमारे एक दशांशावर यावं लागतं, दहा बादल्यांतल्या नऊ हवेत. हा आकडा मुलांनी स्वतः चित्र काढून शोधला, दहा बादल्या काढून नऊवर बाण. नदीच्या मुखाजवळचं पाणी समुद्राइतकं खारं नसतं, त्यामुळे आपल्या आगरात त्याहूनही जास्त पाणी आटवावं लागतं, हेही एका मुलीच्या लक्षात आलं.

वाचायला मिठाचं पाकीटसुद्धा घेतलं. घरून रिकामी पाकिटं आणली, त्यावर काय काय लिहिलंय ते शोधायचं. आयोडीन हा शब्द सगळ्यांना सापडला आणि आगरातल्या मिठात आयोडीन का लिहिलेलं नसतं यावर प्रश्न आला. पाकिटातल्या मिठात ते मुद्दाम घालतात, ते कमी पडलं तर गलगंड होतो, एवढं सांगून मी थांबले. आगरातलं मीठ पावसाळ्यात पाणी का सोडतं आणि पाकिटातलं मोकळं का राहतं, हाही प्रश्न आला, त्याचं कारण आगरातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार शिल्लक असतात ते हवेतलं पाणी ओढून घेतात. एका मुलाच्या आजोबांनी पूर्वी खूप जास्त आगरं होती असं सांगितल्यामुळे १८७८ च्या पोर्तुगीज-ब्रिटिश कराराचाही विषय निघाला, त्यात गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला होता आणि तो करार १८९२ ला संपला. ते इतिहासात जातं, पण मुलांना ऐकायचं होतं, सांगितलं.

लेखनाचा सगळ्यात कसोटीचा भाग होता कृती लिहिणं. चौथीच्या मुलांनी "खाऱ्या पाण्यापासून मीठ कसं काढायचं" हे लिहायचं, आणि तिसरीच्या मुलांनी लिहिलंय अगदी तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही, विचारायचं नाही. एका जोडीने लिहिलं होतं, "पाणी थाळीत ओता आणि ठेवा." तिसरीवाल्यांनी थाळी कपाटात ठेवून दार लावलं. दुसऱ्या जोडीने गाळायचं लिहिलं नव्हतं, तर मिठात माती. आणखी एका जोडीने किती पाणी ते लिहिलं नव्हतं, थाळी काठोकाठ भरली आणि आठवडा झाला तरी ओलीच. चौथीवाले ओरडत होते, "अरे पण ते तर कळतंच ना!" आणि तिसरीवाले शांतपणे कागद दाखवत होते. मग पुन्हा लिहिलं. दुसऱ्या खेपेला "एक कप", "फडक्याने गाळून", "उन्हात, झाकण न लावता", "रोज सकाळी बघा आणि लिहा" हे सगळं आलं. एका कपात, म्हणजे २०० मिली समुद्राच्या पाण्यात, सुमारे ७ ग्रॅम क्षार, एक चमचाभर. ते थाळीत कडेने पांढरं दिसायला लागलं तेव्हा कृती ज्यांनी लिहिली त्यांच्यापेक्षा ज्यांनी वाचली ती पोरं जास्त खूष होती.

एका मुलाबद्दल वेगळं लिहायला हवं. घरी कन्नड, शाळेत आला तो वर्षाच्या मध्ये, मराठी कळायचं पण वाचता-लिहिता येत नव्हतं. निरीक्षण त्याचं सगळ्यात बारीक, ग्लासातली रेघ रोज तोच मोजायचा. त्याच्यासाठी मी लेखनिक झाले. तो सांगायचा, मोडक्या मराठीत, मी त्याचंच वाक्य त्याच्या वहीत लिहायचे, मग तो ते बोट ठेवून वाचायचा. "आज ग्लास थोडा कमी. थाळी पूर्ण कमी. बाटली नाही कमी." वाक्य त्याचंच, त्यामुळे पुढे काय येणार हे त्याला माहीत असायचं आणि "कमी", "थाळी", "आज" हे शब्द रोज परत यायचे. घटक संपेपर्यंत तो असली वाक्यं स्वतः लिहायला लागला. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांचं वाचन त्याला अजून जड जातं. पण वाचता येतं मला, हे त्याला कळलंय, आणि ते त्याला त्याच्याच वहीने दाखवलं.

जे आमच्याकडे चाललं नाही तेही सांगते. के-डब्ल्यू-एल चार्ट, म्हणजे काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय शिकलो असे तीन रकाने, डोना ओगल यांनी १९८६ मध्ये सुचवलेला, तो आमच्या वर्गात मधल्या रकान्यावर अडला. काहीच बघायच्या आधी "काय जाणून घ्यायचंय" विचारलं तर मुलं बाईंना आवडेल असं काहीतरी लिहितात. प्रश्न वस्तू समोर आल्यावर पडतो. मोठ्या वर्गांत किंवा भरपूर पुस्तकं वाचणाऱ्या मुलांत तो चालत असेल, तिसरी-चौथीत मी तो सोडून दिला. शब्दांचा तक्ताही आधी लावला नाही, मुलांच्या वह्यांतून जे शब्द आले ते नंतर भिंतीवर चढवले, कोंकणी आणि मराठी शेजारी शेजारी.

पालकांचा प्रश्न साहजिकच आला: वहीत चुका आहेत आणि बाईंनी लाल पेन का नाही मारलं? मी पालकसभेत वह्या ठेवल्या आणि पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी उघडून दाखवलं. पहिल्यावर, "पाणी गेलं." शेवटच्यावर त्याच मुलाचं, "पाणी हवेत गेलं कारण कागद कोरडा होता आणि सावलीत पण सुकलं, मीठ नाही गेलं ते थाळीत दिसतं." शुद्धलेखन मी सोडलेलं नाही. निरीक्षणाच्या कच्च्या वहीत फक्त एकच प्रश्न पेन्सिलने लिहिते, "हे तुला कसं कळलं?", आणि शेवटी जे पान भिंतीवर लागणार किंवा दुसरं कोणी वाचणार, तिसरीसाठीची कृती, आगरातल्या काकांना लिहिलेलं पत्र, ते मात्र मुलांनी एकमेकांचं तपासून ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पुन्हा लिहायचं. दुसरं कोणीतरी वाचणार आहे म्हटल्यावर मुलं स्वतःच विचारतात, "बाई, हें बरोबर बरयलां?"

वेळ जास्त गेला हे खरं आहे. दोन पीरियडांचं काम कित्येक आठवडे चाललं, आणि त्यासाठी दुसरे दोन घटक मी नेहमीच्या पद्धतीने पटकन घेतले. सगळेच घटक असे घेता येणार नाहीत आणि घ्यायचीही गरज नाही. वर्षाला तीन-चार निवडायचे, जे आपल्या गावात डोळ्यांसमोर आहेत आणि ज्यावर मुलांची पक्की पण तपासता येणारी मतं आहेत. सत्तरी तालुक्यातली शाळा काजू घेईल, काणकोणची मासे सुकवणं घेईल. जिथे वर्ग मोठा आहे तिथे सगळ्या वह्या रोज बघणं शक्य नाही, तिथे रोज एका रांगेच्या बघायच्या आणि बाकीच्यांनी जोडीत वाचायच्या.

आमच्याकडे पुढचा विषय मुलांनीच ठरवून ठेवलाय. आगराच्या पलीकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, कोरगुट भात होतं, खारटपणा सोसणारं म्हणून पूर्वीपासून तिथे तेच लावतात. आगरावरून येताना एकाने विचारलं, खाऱ्या पाण्यात बाकीचं भात मरतं तर कोरगुट कसं जगतं? जूनमध्ये दोन तऱ्हेचं बियाणं, कोरगुट आणि साधं, साध्या पाण्यात आणि तीन वेगवेगळ्या खारटपणाच्या पाण्यात ओल्या फडक्यावर भिजवणार आहोत. चौथीची मुलं तोपर्यंत पाचवीला दुसऱ्या शाळेत जातील, म्हणून त्यांनी हा प्रश्न आणि त्यावरचे आपले अंदाज, "मला वाटतं... कारण..." असे, तिसरीच्या मुलांसाठी लिहून एका पाकिटात ठेवलेत. पाकीट वर्गाच्या कपाटात आहे, वर तारीख घातलीय, आणि उघडायचं बियाणं भिजत घालायच्या दिवशी, मोड यायच्या आधी.